सबमीटरची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही? मीटर बदलण्याआधी सीटी आणि तिची वायर तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. इनकमरचं, म्हणजे कारखान्यात येणाऱ्या मुख्य लाइनचं, मीटर महिन्याला चाळीस हजार युनिट दाखवतं आणि खालच्या फीडरांवरच्या (विभागांकडे जाणाऱ्या शाखांवरच्या) सबमीटरची बेरीज सदतीस हजारांवर अडकते. मालक विचारतात, तीन हजार युनिट गेले कुठे? मेन्टेनन्सवाले मीटरवर बोट ठेवतात, मीटर बदललं जातं आणि पुढच्या महिन्यात फरक पुन्हा हजर. कधी तीन हजारांचा, कधी सव्वादोन हजारांचा. मग दुसऱ्या बनावटीचं, महागडं मीटर येतं. फरक काही जात नाही.

नाशिक परिसरातलं अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नरचं माळेगाव-मुसळगाव, कुठेही जा, हा प्रश्न भेटतोच. आजकालचं डिजिटल मीटर सहसा चुकत नाही. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा करंट ठरलेल्या प्रमाणात लहान करून मीटरला देणारा; त्याच्याकडून जे मिळतं तेवढंच मीटर मोजतं. चूक होते ती सीटी निवडताना आणि सीटीपासून मीटरपर्यंतची वायर ओढताना. या दोन गोष्टी पॅनेल बनतानाच ठरून जातात आणि नंतर त्यांच्याकडे कुणी बघत नाही, कारण सीटी बसबारच्या मागे असते आणि वायर केबल ट्रेमध्ये.

आधी फरकाचा स्वभाव ओळखा

हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्याआधी कागद घ्या. महिन्याच्या एकाच आकड्यावरून काही कळत नाही. एक फीडर निवडा आणि त्याचं रीडिंग दिवसपाळीत पूर्ण लोडवर, रात्री कमी लोडवर आणि सुटीच्या दिवशी असं वेगवेगळं घ्या. सोबत, भाड्याने का होईना, एखादा चांगला पोर्टेबल पॉवर अ‍ॅनालायझर त्याच फीडरवर लावा. टाँग टेस्टरवर (वायरभोवती लावायच्या क्लॅम्प मीटरवर) विसंबू नका. साधा टाँग टेस्टर स्वतःच दोन-तीन टक्के इकडे-तिकडे असतो, त्याने एका टक्क्याचा फरक सापडत नाही. ढोबळ चुका पकडायला मात्र तो पुरेसा आहे.

आता फरक कसा वागतो ते पाहा. लोड कितीही असो, मीटर खऱ्याच्या नेमकं पाऊणपट किंवा चार पंचमांश दाखवत असेल, तर मीटरमध्ये सीटी रेशो चुकीचा भरला आहे (८००/५ म्हणजे मुख्य वायरीत ८०० अँपिअर असताना मीटरला ५). ८०० च्या सीटीला ६०० भरले की पाऊणपट, १००० भरले की सव्वापट. यात शोधण्यासारखं काही नाही, सेटिंग बदला आणि मोकळे व्हा. तिन्ही सीटींच्या नेमप्लेट एकदा डोळ्यांनी वाचा मात्र. घाईत भरलेल्या पॅनेलमध्ये दोन सीटी ८००/५ च्या आणि एक ६००/५ ची, असाही प्रकार निघतो. मग त्या एका फेजचा करंट ३३ टक्के जास्त दिसतो आणि एकूण युनिट ११ टक्क्यांनी फुगतात.

मीटर एक तृतीयांश किंवा दोन तृतीयांश दाखवत असेल तर वायरिंग बघा. फरक कमी लोडला जास्त आणि पूर्ण लोडला कमी असेल, तर सीटी लोडच्या मानाने मोठी आहे. फरक सगळ्या लोडवर आहे आणि लोड वाढला की आणखी वाढतो, तर सीटीवर बर्डन, म्हणजे तिला पोसावा लागणारा वायर आणि मीटरचा भार, जास्त झालंय. अँपिअर जुळतात पण युनिट जुळत नाहीत, तर फेज अँगलची, म्हणजे व्होल्टेज आणि करंटमधल्या कोनाची, भानगड आहे. अर्थात एकाच पॅनेलमध्ये यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र नांदतात, त्यामुळे एक चूक काढली की पुन्हा पहिल्यापासून बघायचं.

वायरिंगच्या चुका

या लवकर सापडतात, म्हणून आधी यांचा निकाल लावा. संतुलित थ्री-फेज लोडवर एका सीटीची एस१ आणि एस२ ही मीटरकडची टर्मिनल उलटी लागली, तर दोन फेजची बेरीज होते आणि तिसरी वजा होते. मीटर खऱ्याच्या एक तृतीयांश दाखवतं. एक सीटी शॉर्ट राहिली किंवा तिची लिंक काढायची राहून गेली, तर दोन तृतीयांश. टेस्ट टर्मिनल ब्लॉकवरची शॉर्टिंग लिंक कमिशनिंगनंतर तशीच राहणं हा तर नेहमीचाच प्रकार.

तिसरा प्रकार जास्त फसवतो. वाय आणि बी फेजच्या सीटी एकमेकींच्या जागी लागल्या आणि व्होल्टेज बरोबर असेल, तर संतुलित लोडवर तिन्हींची बेरीज जवळजवळ शून्य येते. करंट तिन्ही फेजवर व्यवस्थित दिसतात, व्होल्टेज व्यवस्थित दिसतं, आणि युनिट काही पुढे सरकत नाहीत. मीटर खराब आहे असं समजून परत पाठवलं जातं ते बहुधा अशाच वेळी.

तपासायचं कसं? मीटरच्या डिस्प्लेवर प्रत्येक फेजचा किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरं काम करणारा वाटा) वेगळा बघा. मोटरचा लोड असेल तर तिन्ही फेजचा पॉवर फॅक्टर साधारण सारखा हवा. एक फेज उणे दाखवत असेल, किंवा एकीचा ०.८ आणि दुसरीचा ०.१ असेल, तर उत्तर समोर आहे. काही मीटरमध्ये उणे करंट आपोआप अधिक धरायची सोय असते. ती तपासणीपुरती बंद ठेवा, नाहीतर उलटी सीटी ती झाकून टाकते.

एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. प्रायमरीत (मोजायच्या मुख्य वायरीत) करंट चालू असताना सीटीची सेकंडरी (मीटरकडची बाजू) कधीही उघडी करू नका. सेकंडरी उघडी झाली की सगळा प्रायमरी करंट कोअर चुंबकित करण्यात जातो आणि टर्मिनलवर जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. आधी शॉर्टिंग लिंक लावा, मग मीटरची वायर काढा. आणि जी सीटी चालू लोडवर उघडी राहिल्याचं माहीत आहे, तिच्यावर पुढेही विश्वास ठेवू नका. कोअरमध्ये चुंबकत्व उरलेलं असू शकतं. ती काढून डीमॅग्नेटाइझ करून, तपासूनच परत लावा.

ब्रेकर बघून घेतलेली सीटी

आता खरा विषय. पॅनेल बनवताना सीटीचा रेशो कशावरून ठरतो? दहातल्या आठ ठिकाणी ब्रेकरवरून. एमसीसीबी ४०० अँपिअरची, म्हणून सीटी ४००/५. ब्रेकर मात्र केबल आणि पुढच्या वाढीचा विचार करून घेतलेला असतो. त्या फीडरवर प्रत्यक्षात धावतात ३५ अँपिअर, आणि रात्री आठ.

३५ अँपिअर म्हणजे ४०० च्या पावणेनऊ टक्के. आठ अँपिअर म्हणजे दोन टक्के. सीटीच्या अचूकतेचा वर्ग पूर्ण रेंजवर सारखा लागू होत नाही, हे नेमप्लेटवर लिहिलेलं नसतं. वर्ग १ ची सीटी १०० टक्के करंटवर १ टक्क्यात बसते. २० टक्के करंटवर तिला दीड टक्क्याची मुभा आहे, ५ टक्क्यांवर तीन टक्क्यांची. ५ टक्क्यांच्या खाली प्रमाणक काहीच हमी देत नाही. वर्ग ०.५ ची सीटी याच तीन ठिकाणी ०.५, ०.७५ आणि १.५ टक्क्यात बसते. म्हणजे ४००/५ च्या वर्ग १ सीटीने रात्रीचे आठ अँपिअर मोजताना चूक केली, तर तिला दोष देता येत नाही. तिने तसं वचनच दिलेलं नाही.

यामागचं कारण साधं आहे. कोअर चुंबकित करायला सीटी प्रायमरी करंटमधलाच थोडा हिस्सा वापरते. करंट भरपूर असेल तेव्हा हा हिस्सा नगण्य असतो. करंट अगदी कमी झाला की कोअरची पारगम्यता घटते, चुंबकनाचा वाटा प्रमाणाने वाढतो आणि सेकंडरीत तेवढं कमी पोचतं.

अशा लोडसाठी ०.५एस किंवा ०.२एस वर्ग आहे. ०.५एस सीटीची हमी १ टक्का करंटपासून सुरू होते: १ टक्क्यावर दीड टक्का, ५ टक्क्यांवर पाऊण टक्का, आणि २० टक्क्यांपासून पुढे अर्धा टक्का. ज्या लोडमध्ये दिवस-रात्र किंवा हंगाम-बिगरहंगाम असा मोठा उतार आहे, तिथे हा एस वाया जात नाही. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउस घ्या. जानेवारी ते एप्रिल प्रीकूलिंगचे कॉम्प्रेसर दणकून चालतात. पावसाळ्यात त्याच फीडरवर चार ट्यूबलाइट आणि एक पंप. साध्या वर्गाची सीटी हंगामात छान मोजते आणि उरलेले महिने अंदाज सांगते.

पण एस वर्गाची सीटी घेऊन चुकीचा रेशो बरोबर होत नाही. आधी रेशो. नेहमीचा लोड सीटीच्या साधारण एक तृतीयांशापासून ८० टक्क्यांपर्यंत यावा असा रेशो घ्या. ३५ ते ६० अँपिअरच्या फीडरला १००/५. इथे पॅनेलवाले हमखास अडतात.

"साहेब, ४०० च्या एमसीसीबीवर १०० ची सीटी? जळेल ना!"

"भाऊ, त्या फीडरवर ६० च्या वर लोड गेलाय का कधी?"

"नाही गेला. पण उद्या नवीन मशीन आलं तर?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. बहुतेक साध्या सीटी १२० टक्के करंट कायम सोसतात. १५० किंवा २०० टक्क्यांच्या विस्तारित रेंजची सीटीही मागवता येते, तेवढं खरेदीच्या कागदावर लिहा. शॉर्टसर्किटच्या क्षणी मीटरला वाचवायला मीटरिंग सीटीचा कोअर लवकर संपृक्त होतो, नेमप्लेटवर एफएस५ किंवा एफएस१० (रेटेडच्या साधारण ५ किंवा १० पट करंटपर्यंतच) लिहितात ते यासाठीच. सीटीचा स्वतःचा शॉर्ट टाइम करंट मात्र तपासून घ्या. आणि उद्या नवीन मशीन आलंच, तर सीटी बदला. तिची किंमत आणि रोजच्या चुकीच्या आकड्यांवरून चुकीच्या विभागाला लावलेला वीजखर्च, यांची तुलना करून बघा.

कमी रेशोच्या खिडकीवाल्या सीटीत एक अडचण येते. आतून केबल एकदाच जाते, म्हणून १००/५ ला अँपिअर-टर्न थोडे पडतात आणि त्या आकारात चांगला वर्ग आणि पुरेसं व्हीए (भार पोसायची ताकद) मिळणं अवघड जातं. अशा वेळी २००/५ ची सीटी घेऊन केबल खिडकीतून दोनदा न्या. ती १००/५ झाली. दोनदा म्हणजे खिडकीच्या आतून दोनदा, बाहेरून किती वेढे दिसतात ते मोजायचं नाही. मीटरमध्ये १००/५ भरा आणि सीटीवर तसं स्टिकर लावा, कारण पुढचा माणूस नेमप्लेटवर २००/५ वाचून सेटिंग "दुरुस्त" करणार हे ठरलेलं. केबल जाड असेल आणि दोनदा जात नसेल, तर वाउंड प्रायमरीची (आतच प्रायमरीचे वेढे असलेली) सीटी मागवा.

इनकमरचं गणित सोपं आहे. ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोड करंट साधारण ६६७ अँपिअर. ८००/५ ची सीटी योग्य. लोड ३०० च्या आसपास असला तरी ती ३५-४० टक्क्यांवर काम करते. ती सीटी आणि मीटर दोन्ही ०.५एस वर्गाची असतील तर दिवसाच्या आकड्यांबद्दल काळजी नाही. आता मुख्य मुद्दा लक्षात येईल. वर ०.५एस आणि खाली मोठ्या रेशोच्या वर्ग १ सीटी, हे सगळे आकडे एका कागदावर बेरीज करून जुळवायला गेलात तर जुळणार कसे?

शेवटचं, प्रोटेक्शनच्या कोअरवरून मीटर चालवू नका. ५पी१० या प्रोटेक्शन वर्गाची सीटी फॉल्टच्या वेळी खरं सांगण्यासाठी बनवलेली असते. तिच्या अचूकतेचं बंधन रेटेड करंटवर १ टक्का एवढंच, त्याखाली ती काय करते यावर प्रमाणक बोलत नाही. उलट फॉल्टचा मोठा करंट ती इमानदारीने मीटरपर्यंत पोचवते, ते वेगळंच.

वायर: इथे व्हीए संपतं

"सगळे मीटर एकाच ठिकाणी हवेत" असा आग्रह पुष्कळ कारखान्यांत असतो. ऑडिटर येतात, त्यांना दाखवायला सोयीचं. म्हणून पॅनेल एका टोकाला, मीटरचा बोर्ड ऑफिसच्या भिंतीवर, मध्ये ४० मीटर वायर.

हिशोब करू. २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. सीटीचा करंट जातो आणि परत येतो, म्हणून ८० मीटर धरायचे. ८० मीटरचा रोध ०.५९ ओहम. आता बर्डन म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. ५ अँपिअरचा वर्ग २५. २५ गुणिले ०.५९ म्हणजे जवळजवळ १५ व्हीए. सीटीच्या नेमप्लेटवर लिहिलंय ५ व्हीए. मीटरचं स्वतःचं बर्डन डिजिटल असेल तर अर्ध्या व्हीएपेक्षाही कमी. म्हणजे सीटी मीटरला पोसत नाही, वायरला पोसते.

हे गणित २० अंश सेल्सिअसवरचं आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखालच्या ट्रेमध्ये वायर ५० अंशांवर गेली, तर तांब्याचा रोध आणखी १२ टक्क्यांनी वाढतो.

जास्त बर्डनने काय होतं? तेवढाच करंट ढकलायला सीटीला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं, त्यासाठी कोअरमध्ये जास्त फ्लक्स लागतो, आणि चुंबकनाचा वाटा पुन्हा वाढतो. ५ व्हीएच्या सीटीवर १५ व्हीए लादलं की चूक साधारण दुप्पट-अडीचपट होते. सीटी चांगली असेल तर अर्ध्याची एक-सव्वा टक्का. पण स्वस्तातल्या दीड किंवा अडीच व्हीएच्या सीटीवर हेच १५ व्हीए पडले, तर पूर्ण लोडला कोअर संपृक्ततेच्या जवळ जातो आणि फरक झपाट्याने वाढतो. दिवसपाळीत लोड चढला की मीटर मागे पडतं, ते या कारणाने. एक भान ठेवा. फक्त बर्डनमुळे ३० टक्के फरक पडत नाही. एवढा मोठा फरक असेल तर परत वायरिंगकडे जा.

प्रत्यक्ष बर्डन मोजायला लॅब लागत नाही. सीटीच्याच टर्मिनलवर एस१ आणि एस२ मध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा, आणि त्याच वायरवर छोट्या जबड्याच्या क्लॅम्पने करंट. व्होल्टेज समांतर मोजायचं आहे, त्यामुळे काहीही उघडावं लागत नाही. समजा करंट ३ अँपिअर आणि व्होल्टेज १.९. भागाकार ०.६३ ओहम. ५ अँपिअरवर ते १५.८ व्हीए होतं. नेमप्लेटशी तुलना करा. मग हेच व्होल्टेज मीटरच्या टर्मिनलवर मोजा. दोन्हींमधला फरक म्हणजे वायर आणि जोड. वायरच्या लांबीवरून काढलेल्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त असेल, तर कुठेतरी लग सैल आहे, फेरूलमध्ये इन्सुलेशन अडकलंय किंवा टेस्ट ब्लॉकची लिंक नीट बसलेली नाही. एका खराब जोडाचे ०.१ ओहम ५ अँपिअरवर अडीच व्हीए खातात. ५ व्हीएच्या सीटीचे निम्मे तिथेच गेले.

त्याच लूपमध्ये आणखी कोण कोण बसलंय तेही बघा. कॅपॅसिटर पॅनेलचा, पॉवर फॅक्टर सांभाळणारा एपीएफसी रिले, जुना काटेवाला अँमीटर, सिलेक्टर स्विच. "एकाच सीटीत सगळं सिरीजमध्ये टाकलंय" हे वाक्य ऐकलं की समजून जा. प्रत्येकाचं बर्डन बेरजेत धरा.

यावर उपाय काय? जाड वायर हा पहिला सुचणारा. ४ स्क्वेअर एमएमचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, म्हणजे त्याच ४० मीटरवर ९.२ व्हीए. सुधारलं, पण ५ च्या सीटीला अजूनही जड. दुसरा उपाय १ अँपिअर सेकंडरीची सीटी. एकाचा वर्ग एकच, म्हणून त्याच २.५ च्या वायरवर बर्डन फक्त ०.६ व्हीए. २५ पटींनी खाली. लांबी खरोखर टाळता येत नसेल तर हा मार्ग उत्तम. फक्त मीटर १ अँपिअरचं किंवा तसं सेट होणारं हवं, आणि उघड्या सेकंडरीचा धोका १ अँपिअरच्या सीटीत जास्त असतो हे विसरू नका, कारण टर्न पाचपट असतात.

तिसरा उपाय मला सगळ्यात पटतो: मीटर पॅनेलच्या दारावर आणा, सीटीची वायर दोन मीटरच्या आत ठेवा आणि ऑफिसपर्यंत आरएस-४८५ ची केबल न्या. सीटीचा करंट ४० मीटर नेण्यापेक्षा आकडे ४० मीटर नेणं केव्हाही सोपं. आरएस-४८५ हजार मीटरच्या पुढेही चालतं. ऑडिटरांना आकडे स्क्रीनवर दिसल्याशी मतलब.

"मग सरळ १५ व्हीएची सीटी का नाही?" हाही प्रश्न येतो. लांब वायर कायम असेल तर चालेल. पण सीटीच्या वर्गाची हमी रेटेड बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांमध्ये असते. १५ व्हीएच्या सीटीला किमान पावणेचार व्हीए मिळायला हवं. पुढे कधी मीटर शेजारी आणलं आणि बर्डन अर्ध्या व्हीएवर आलं, की तुम्ही हमीच्या बाहेर गेलात. शिवाय बर्डन कमी झालं की प्रत्यक्ष एफएस वाढतो, म्हणजे फॉल्टच्या वेळी मीटरवर जास्त करंट येतो. गरज तेवढंच व्हीए घ्या, वर थोडी मोकळीक.

चार वायर की सहा? स्टार पॉइंट पॅनेलमध्येच बांधून तीन फेज आणि एक कॉमन अशा चार वायर आणल्या, तर संतुलित लोडवर कॉमन वायरमधला करंट जवळजवळ शून्य असतो आणि बर्डन साधारण निम्मं राहतं. वर १५ व्हीए काढले तिथे साडेसात. पण वेल्डिंग मशीनसारखा सिंगल फेज लोड असेल, किंवा यूपीएस-ड्राइव्हमुळे तिसरा हार्मोनिक असेल, तर कॉमन वायर रिकामी राहत नाही. हिशोब पूर्ण लांबीनेच करा. आणि अर्थिंग सेकंडरीच्या एकाच बिंदूवर, शक्यतो पॅनेलमध्ये. पॅनेलला एकदा आणि मीटर बोर्डवर परत एकदा अर्थ केलं की करंटला दुसरी वाट मिळते आणि मीटरला अर्धवट करंट जातो. हा फरक कधी दिसतो, कधी नाही, आणि माणसाला वेड लावतो.

अँपिअर जुळतात, युनिट जुळत नाहीत

सीटी करंट थोडा कमी-जास्त तर करतेच, शिवाय त्याचा कोनही थोडा सरकवते. अँमीटरला हा सरक दिसत नाही, युनिटला दिसतो. वर्ग १ च्या सीटीला ५ टक्के करंटवर १८० मिनिटं, म्हणजे ३ अंश सरकायची मुभा आहे. पॉवर फॅक्टर १ असेल तर ३ अंशांनी काही बिघडत नाही. ०.८ ला चूक साधारण ४ टक्के होते. ०.६ ला ७ टक्के. रिकामी फिरणारी प्रेस, कमी लोडवरची मोठी मोटर, यांचा पॉवर फॅक्टर इतका खाली सहज असतो. म्हणजे कमी लोड आणि वाईट पॉवर फॅक्टर एकत्र आले की प्रमाणकात बसणारी सीटीसुद्धा तुम्हाला सात-आठ टक्के चुकवू शकते. आणि युनिट कमीच दिसतील असंही नाही. लॅगिंग लोडवर कोनाची चूक बहुधा युनिट वाढवते, रेशोची चूक कमी करते.

नंतरून बसवलेल्या स्प्लिट कोअर (दोन भागांत उघडणाऱ्या) सीटीत हा त्रास जास्त, कारण जोडाच्या फटीत हवा असते आणि कोअर चुंबकित करायला जास्त करंट लागतो. त्या बसवल्याच असतील तर दोन्ही तोंडं स्वच्छ पुसा, क्लिप पूर्ण बसल्याची खात्री करा आणि एका सीटीचा अर्धा भाग दुसरीला लावू नका.

ओळखायची एक युक्ती: त्याच फीडरवर तुमचं मीटर आणि अ‍ॅनालायझर दोन्हींचे केव्हीएएच (व्होल्ट-अँपिअरवरचे युनिट) आणि केडब्ल्यूएच (नेहमीचे युनिट) वेगवेगळे ताडून बघा. केव्हीएएचला कोनाशी फारसं देणंघेणं नाही. ते जुळलं आणि केडब्ल्यूएच जुळलं नाही, तर चूक कोनाची. मात्र सगळ्या फीडरांच्या केव्हीएएचची बेरीज इनकमरशी जुळवायला जाऊ नका. पॉवर फॅक्टर वेगवेगळे असले की ती जुळत नसतेच, आणि कॅपॅसिटर मुख्य बसवर असतील तर मुळीच नाही. महाराष्ट्रात एचटी (उच्चदाब) ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं, त्यामुळे ही गल्लत आता वरचेवर होते.

जो फरक सीटीचा नसतो

एचटी बाजूचं मीटर आणि एलटीचं (लघुदाब बाजूचं) तुमचं चेक मीटर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचे लॉसेस असतात, साधारण एक-दीड टक्का, आणि सुटीच्या दिवशी टक्केवारीत जास्त. तो फरक राहणारच. मीटर नसलेला लाइटिंगचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड, कॅपॅसिटर पॅनेल, कंट्रोल सप्लाय हेही बेरजेत येत नाहीत. एक जण इनकमरचं रीडिंग सकाळी आठला घेतो आणि चहा पिऊन शेवटचं फीडर पावणेनऊला, यानेही फरक पडतो. सगळे मीटर आरएस-४८५ वर असतील तर हे आपोआप सुटतं.

टक्क्यांच्या मागे आंधळेपणाने लागू नका. पॅकहाउसच्या बिगरहंगामी महिन्यात ६०० युनिटांवर २० टक्के फरक म्हणजे १२० युनिट. कारखान्याच्या ४० हजार युनिटांवर २ टक्के म्हणजे ८००. हातात एकच दिवस असेल तर कुठे घालवायचा ते उघड आहे.

महावितरणचं मीटर आणि तिची सीटी

त्या क्युबिकलला आणि सीलला हात लावायचा नाही. तपासणीसाठीसुद्धा नाही. विद्युत अधिनियम २००३ खाली तो गुन्हा ठरतो. तिथल्या मीटरबद्दल शंका असेल तर तपासणीसाठी लेखी अर्ज करा. पण अर्ज करण्याआधी तुमचं चेक मीटर त्या तोडीचं आहे का ते बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर विनियमांनुसार ६५० व्होल्टच्या वर ३३ केव्हीपर्यंतच्या ग्राहक मीटरचा वर्ग किमान ०.५एस हवा, आणि सीटी-पीटीचा वर्ग मीटरपेक्षा खालचा चालत नाही. तुमच्याकडे वर्ग १ ची सीटी, त्यात ब्रेकर बघून घेतलेला रेशो आणि ४० मीटर वायर असेल, तर त्या आकड्यांच्या जोरावर अर्ज टिकणार नाही. ०.५एस सीटी, त्याच वर्गाचं मीटर, दोन मीटर वायर, मोजलेलं बर्डन आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं ताजं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र एवढं जमवा, ट्रान्सफॉर्मरचे लॉसेस वजा करा, आणि तरी फरक उरला तर तारीख, वेळ, लोड असे तीन स्तंभ आखून निदान एका पूर्ण बिलिंग महिन्याची नोंद अर्जासोबत जोडा.